स्वस्त जमीन कुणाची असते? महापेच्या सातबाऱ्यावरचा इतिहास

‘मुंबईपासून फक्त दीड तास. गुंठ्याचा भाव तुमच्या आवाक्यात. हप्त्याची सोय. सातबारा क्लिअर.’ अशा जाहिराती आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. महापेहून शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कल्याणच्या नाक्यांवर, मुरबाड आणि कर्जतच्या बाजारात त्यांचे फलक लागतात. रिक्षाचालक, शिक्षक, कारखान्यातला फिटर, आखातातून सुट्टीवर आलेला मुलगा, निवृत्तीला टेकलेला कारकून, सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो. मुंबईत घर जमले नाही, नवी मुंबईतही वेळ निघून गेली. आता निदान गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर मातीचा एक तुकडा आपल्या नावावर असावा.

या इच्छेत गैर काही नाही. भाड्याच्या खोल्या बदलत आयुष्य गेलेल्या माणसाला सातबाऱ्यावर स्वतःचे नाव पाहायची ओढ असणारच. पण या व्यवहारात सगळे ‘कितीला?’ असे विचारतात, ‘स्वस्त का?’ असे कोणी विचारत नाही. मोठ्या शहराजवळची जमीन आपोआप स्वस्त राहत नाही. एक तर तिच्यापर्यंत रस्ता किंवा पूल पोहोचलेला नसतो, किंवा तिचा कागद अपुरा असतो, किंवा ती कसणाऱ्याची बाजू कमजोर असते. कधी कधी तिन्ही गोष्टी एकत्र असतात. ठाणे खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये वसलेले महापे आणि त्याच्या आजूबाजूची गावे यांचा इतिहास पाहिला, तर ही तिन्ही कारणे एकामागून एक समोर येतात.

डोळ्याला जवळ, पायाला लांब

शहरापासूनचे अंतर मैलांत मोजायचे नसते, वेळेत मोजायचे असते. मुंबईकरांनी हे फार आधी ओळखले होते. इंग्रजांनी १७७४मध्ये मराठ्यांकडून साष्टी घेतली आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तरी मुंबई बेट आणि साष्टी यांच्यात पाणी होते, त्यामुळे साष्टीतली जमीन शहरातल्या पैसेवाल्यांच्या उपयोगाची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीवचा बांध झाला आणि बैलगाडी कोरड्या पायाने साष्टीत उतरू लागली.

त्यानंतरच्या काळात कंपनी सरकारने साष्टीतली गावे व्यापाऱ्यांना मोठ्या मुदतीच्या पट्ट्याने द्यायला सुरुवात केली. फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे पवई आली. तिथे त्यांनी ऊस, नीळ आणि आंब्याची लागवड केली, आणि १८३८मध्ये आपल्या बागेतले आंबे थेट व्हिक्टोरिया राणीला पाठवले. मुंबईजवळचे ‘फार्महाऊस’ ही कल्पना इतकी जुनी आहे. ज्या पवईत तेव्हा गावेच्या गावे पट्ट्याने मिळत होती, तिथे आज माणूस चौरस फुटाचा भाव विचारतो आणि गप्प बसतो.

१८४५मध्ये माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता झाला. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८५४मध्ये ती कल्याणपर्यंत गेली. प्रत्येक वेळी तेच झाले. पूल किंवा रूळ पोहोचला की ‘लांबचे’ गाव ‘जवळचे’ झाले, आणि ज्याला हे आधी माहीत होते तो श्रीमंत झाला.

रेल्वे पारसिक डोंगराच्या पलीकडून, मुंब्रा आणि दिव्यावरून गेली. महापे अलीकडे राहिले. खाडीकाठावरून पाहिले तर समोर मुंबईचा किनारा दिसायचा, पण रस्त्याने जायचे तर ठाण्याला वळसा घालावा लागे, नाही तर होडी. ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल व्हायला १९७३ साल उजाडले. म्हणजे रेल्वे सुरू झाल्यानंतर १२० वर्षे हा पट्टा शहराच्या डोळ्यासमोर असूनही शहरापासून दूर होता. इथली जमीन स्वस्त असण्याचे पहिले कारण हे होते.

त्या जमिनीवर कोण होते?

जाहिरातीच्या भाषेत अशा जमिनीला ‘मोकळी’ म्हणतात. ती मोकळी कधीच नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरे होती. खाडीच्या बाजूला खाजण होते, जिथे भरतीचे पाणी अडवायला गावकरी बांध घालत आणि दरवर्षी दुरुस्त करत. मिठागरे होती. आगरी आणि कोळी ही इथली मूळ वस्ती, डोंगरात आदिवासी पाडे. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही पिके जातात, त्यामुळे बांध सांभाळणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. इथली जमीन म्हणजे अनेक पिढ्यांनी समुद्राकडून हिसकावून घेतलेली मेहनत होती.

डोंगरापलीकडे मुंब्रा, कौसा, तळोजा, पनवेल, कल्याण, भिवंडी या भागांत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. कल्याण हे तर मध्ययुगातले नावाजलेले बंदर. हा समाज दर्यावर्दी होता, तांदळाचा व्यापारी होता आणि शेतकरीही होता. त्यांच्यात जमीनदार होते आणि दुसऱ्याची जमीन कसणारेही होते. म्हणून या भागाच्या जमिनीचा इतिहास ‘त्यांचा’ आणि ‘आपला’ असा वेगळा काढता येत नाही.

हे सातबाऱ्यावरच लिहिलेले आहे. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मी मुलांना कधी कधी सातबाऱ्याची नक्कल दाखवतो आणि शब्द वेगळे करायला सांगतो. मौजे, तालुका, जिल्हा, तहसील, हिस्सा, हक्क, वारस, कब्जा, दाखला, नक्कल, इनाम हे शब्द अरबीतून आले. जमीन, खरेदी, दस्त हे फारसीतून. शेत, बांध, कूळ, पीक, गुंठा हे मराठीचे मूळचे. सर्व्हे नंबर आणि एकर इंग्रजांनी दिले. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेऊन कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी गावचा शेतकरी आजही ‘वारस नोंद’ आणि ‘खरेदीखत’च म्हणतो. मातीशी रोज संबंध येणारे शब्द मराठी राहिले आणि मालकीचे शब्द राज्यकर्त्यांबरोबर बदलत गेले. एवढ्या एका कागदावर दख्खनची चारशे वर्षे सापडतात.

या व्यवस्थेचा उल्लेख करताना मलिक अंबरचे नाव घ्यावेच लागते. अहमदनगरच्या निजामशाहीचा हा हबशी वजीर १६२६मध्ये वारला. महसुलाचा मक्ता बोली लावणाऱ्या इजारदाराला देण्याची पद्धत त्याने मोडीत काढली. जमिनीची प्रत पाहायची, पीक पाहायचे, आणि गावाच्या प्रमुखाशी थेट सारा ठरवायचा, अशी त्याची रीत होती. उत्तर कोकणचा मुलूख १६३६पर्यंत निजामशाहीत होता, मग आदिलशाहीत गेला, आणि १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. राज्ये बदलली, पण कसणारा आणि सरकार यांच्यामधला दलाल कमी असावा हा मलिक अंबरचा विचार नंतरच्या राज्यकर्त्यांनाही सोडता आला नाही. गंमत म्हणजे तोच दलाल आज ‘लँड डीलर’ म्हणून परत आला आहे.

खोत, कूळ आणि कसेल त्याची जमीन

इंग्रजी राजवटीत कोकणच्या मोठ्या भागात खोती होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून त्याहून कितीतरी जास्त वसूल करायचा. १९३३मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. हा संप १९३९पर्यंत चालला. सलग इतकी वर्षे शेत पडीक ठेवून उपाशी राहणे म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. १९३७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा स्वातंत्र्यानंतर, १९४९मध्ये झाला. त्याआधी १९४८मध्ये कुळकायदा आला होता, आणि पुढच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या दिवशी, म्हणजे ‘कृषकदिनी’, जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे मालक मानले गेले.

आपल्याकडे काही घरांत अजूनही या कायद्याबद्दल तक्रारीचा सूर असतो. दादा-परदादांची एवढी जमीन होती, कुळकायद्यात गेली, असे सांगतात. ते खरेही असेल. पण त्याच जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या गुडघाभर चिखलात उभे राहून भात लावणाऱ्याच्या घरी १ एप्रिल १९५७ हा दिवस कसा आठवला जातो, हेही विचारले पाहिजे. खोत हिंदू होते आणि मुसलमानही होते, कुळेही दोन्ही होती. कायद्याने धर्म पाहिला नाही, जमिनीत हात कोणाचे आहेत ते पाहिले.

आज शहराजवळ जमीन शोधणाऱ्याला हा इतिहास दोन ठिकाणी आडवा येतो. पहिले म्हणजे कुळकायद्याचे कलम ६३. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सावकाराने आणि शहरी पैशाने जमीन गिळू नये म्हणून ही तरतूद झाली. रत्नागिरी-रायगडला ज्यांच्या नावावर वडिलोपार्जित शेत आहे अशा कुटुंबांना ती अडत नाही. पण ज्यांच्या पूर्वजांकडे कधीच जमीन नव्हती ते विणकर, मजूर, दलित आणि परप्रांतातून आलेले कारागीर यांना ती दारातच थांबवते. कायदा योग्य हेतूने झाला, तरी त्याचा एक परिणाम असा आहे की ज्याच्याकडे आधी काही होते त्यालाच आणखी घेता येते.

दुसरे म्हणजे कलम ४३. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला निर्बंध असतात आणि तसा शेरा सातबाऱ्यावर असतो. ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द दिसले की थांबायचे आणि वकिलाला विचारायचे.

पूल आला, पण गावासाठी नाही

१९६१ ते १९७१ या दहा वर्षांत मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाखांवरून जवळजवळ ६० लाखांवर गेली. शहराला जागा हवी होती. १९६२मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि त्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जमिनी उद्योगांसाठी संपादित झाल्या. नोसिल, हर्डिलियासारखे रासायनिक कारखाने उभे राहिले. महापेच्या परिसरातली बरीच जमीन याच ‘टीटीसी’ औद्योगिक क्षेत्रात गेली.

१९६५मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेला लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. या योजनेचे गणित सरळ होते. शेतीच्या भावाने जमीन घ्यायची, रस्ते आणि पाणी द्यायचे, मग वाढलेल्या भावाने विकायची आणि त्या फरकातून शहर उभारायचे. मार्च १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या प्रकल्पात आले.

योजनाकारांच्या बाजूने पाहिले तर यात खोट नव्हती. वाढलेला भाव बिल्डरच्या खिशात जाण्यापेक्षा शहराच्या कामी यावा, हा विचार आजही पटतो. प्रश्न इतकाच होता की त्या फरकात शेतकऱ्याचा वाटा किती? पूल होणार हे नकाशा काढणाऱ्याला माहीत होते. भाव मात्र पूल नसतानाचा लावला गेला. १८९४चा इंग्रजी भूसंपादन कायदा लागू होता, त्यात शेतकऱ्याच्या संमतीचा प्रश्नच नव्हता.

या प्रश्नावर जासईचे दि. बा. पाटील उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा. सार्वजनिक सोयींसाठीची कपात वजा जाता हातात ८.७५ टक्के येतात. म्हणजे एक एकर, अर्थात ४० गुंठे गेलेल्या घराला साडेतीन गुंठे परत. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी जमीन घेताना हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले, आणि त्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचेच नाव देण्याचे ठरले. १८९४चा कायदाही शेवटी बदलला आणि १ जानेवारी २०१४पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला.

दरम्यान महापेला पूल, रस्ते, कारखाने, मग मिलेनियम बिझनेस पार्क आणि संगणक कंपन्या आल्या. १९९२मध्ये वाशीपर्यंत लोकल आली आणि नवी मुंबई महानगरपालिका झाली. ज्या खाचरात भात लावले जायचे तिथे काचेच्या इमारती आहेत. गावठाणात मात्र घरावर घर चढत गेले. कुटुंब वाढले, शेती गेली, मग घराचेच मजले वाढवून खोल्या भाड्याने दिल्या. याला आंदोलनाच्या भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात, आणि ती नियमित करण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. एमआयडीसीतल्या कामगाराला परवडणारी खोली मिळते ती अशाच घरांत. एकाची अपुरी भरपाई हा दुसऱ्याचा स्वस्त निवारा झाला.

डोंगरापलीकडे: मुंब्रा, कौसा, शिळ

आपल्या समाजासाठी या इतिहासाचा सर्वांत दुखरा भाग डोंगरापलीकडे आहे. १९९२-९३च्या दंगलीत मुंबईत ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात हा आकडा आहे. त्यानंतर हजारो मुस्लीम कुटुंबांनी शहरातली घरे सोडली आणि त्यांतली बरीच मुंब्रा-कौशाला आली. या कुटुंबांनी स्वस्त जागा हौसेने शोधली नव्हती. त्यांना सुरक्षित जागा हवी होती, आणि सुरक्षित जागा आवाक्यात होती ती इथेच. दुसरीकडे मागायला गेले तर नाव ऐकून ‘सोसायटीत चालणार नाही’ असे उत्तर मिळे. घाईत असलेल्या माणसाला कागद तपासायला सवड नसते. ज्याच्यापुढे दुसरे दार नाही त्याच्याशी घासाघीस करायची गरजही विकणाऱ्याला नसते. इथे कमजोर बाजू घेणाऱ्याची होती.

४ एप्रिल २०१३ रोजी शिळ-डायघर भागात ‘लकी कंपाउंड’मधली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. काही महिन्यांत मजल्यावर मजला चढवलेली, परवानगी नसलेली ही इमारत होती. वरचे काम चालू असतानाच खाली माणसे राहायला आली होती. मेलेल्यांत मजूर होते, त्यांच्या बायका होत्या, लहान मुले होती. महापेच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या गाड्या त्याच शिळफाट्यावरून रोज जातात. अपुऱ्या कागदाची किंमत कधी कधी पैशात मोजता येत नाही.

काठ पुढे सरकला

महापे आता काठ राहिले नाही. तो काठ शहापूर, मुरबाड, कर्जत, खालापूर, पेणकडे सरकला आहे. रस्तेही आले. १२ जानेवारी २०२४ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला आणि उरण, पनवेल, पेण एकदम जवळ आले. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर जवळ आले. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत एमएमआरडीएमार्फत नवे शहर आखले जात आहे. १९७०मध्ये खाडीकाठच्या गावांचे जे झाले, त्याच्या पुढच्या पानावर आता ही गावे आहेत. तिथे आदिवासी, ठाकूर, कातकरी, कुणबी, आगरी आहेत, मुसलमानही आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील कागदांची पिशवी घेऊन आले. त्यांना उर्दू वाचता येते, मराठी नाही. पाच गुंठे जमीन घेतो आहोत, इसार दिला आहे, जरा वाचून सांगा, म्हणाले. मी मोठ्याने वाचत गेलो. कब्जा, हक्क, वारस, मुखत्यार, सगळे शब्द त्यांच्या ओळखीचे निघाले, आणि त्यामुळे कागदावर त्यांचा विश्वास वाढतच गेला. पण तो कागद खरेदीखत नव्हताच. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली कब्जेपावती होती. विकणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. सातबाऱ्यावर एका आदिवासी कुटुंबातली सात नावे होती. मी म्हटले, “भाईजान, हे लोक तुम्हाला भेटले का?” ते म्हणाले, “सर, ते लोक पाड्यावर राहतात. एजंट म्हणाला, त्यांची गरज नाही.” त्यांनी पुढचे हप्ते थांबवले. इसाराचे पैसे अर्धेच परत आले.

त्या एका पिशवीत चार कायदे मोडलेले होते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये ते स्पष्ट आहे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय होत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ आणि १९०८चा नोंदणी कायदा हे सांगतात. कुलमुखत्यारपत्रावर केलेली ‘विक्री’ ही विक्री नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये ठणकावले आहे. आणि चौथा तुकडेबंदीचा कायदा, १९४७चा. २०२३च्या अधिसूचनेनुसार ठाण्यासह बहुतेक जिल्ह्यांत जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे यांपेक्षा लहान तुकडा शेतजमीन म्हणून स्वतंत्र विकता येत नाही. २०२५मध्ये सरकारने निवासी क्षेत्रांतल्या जुन्या छोट्या व्यवहारांना दिलासा दिला, पण त्याचा अर्थ डोंगरातल्या शेताचे पाच-पाच गुंठे पाडून विकायला मोकळीक मिळाली असा होत नाही. एजंट मात्र तसा अर्थ सांगतात.

एक हिशेब पाठ असावा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि एक आर साधारण एका गुंठ्याएवढा असतो. पवईत गावाच्या हिशेबाने जमीन मिळत होती, सिडकोच्या काळात एकराने घेतली गेली, आज गुंठ्याने विकली जाते, आणि महापेत चौरस फुटाने. मोजमाप जसे लहान होत जाते तसा फसवणुकीला वाव वाढत जातो, कारण एका एकराला एकच गिऱ्हाईक असते आणि त्याच एकराचे गुंठे पाडले की चाळीस.

सातबाऱ्याबरोबर फेरफार, आठ-अ आणि मोजणीचा नकाशा पाहावा. ‘राखीव वने’ किंवा खासगी वन असा शेरा आहे का ते बघावे; माथेरानच्या परिसरात २००३पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत. आणि वारस मोजावेत, विशेषतः बहिणी. आपल्या घरांत ही बाब फार हलक्याने घेतली जाते. कुरआनने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे हे सगळ्यांना माहीत असते, पण वडील गेल्यावर वारस नोंदीत भावांचीच नावे चढतात. १९३७च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्यामुळे काहींना पळवाटही सापडते. विकणाऱ्याने बहिणीला डावलले असेल, तर उद्या तीच कोर्टात उभी राहते, आणि तिचे म्हणणे खरे असते.

फिकहमध्ये ‘गरर’ नावाची संकल्पना आहे. ज्या सौद्यात वस्तूच अनिश्चित आहे, किंवा विकणारा तिचा मालकच नाही, तो सौदा दुरुस्त मानला जात नाही. उंबऱ्यावर बिस्मिल्लाह लिहिण्याआधी या कसोटीवर जमीन उतरते का ते बघायला हवे. पाड्यावरच्या सात नावांना न भेटता घेतलेले पाच गुंठे कोणत्याच कायद्यात बसत नाहीत.

शहराजवळ जमीन घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. राजीखुशीने विकणारा शेतकरी असतो, स्वच्छ कागद असतात, आणि त्या तुकड्यावर दोन आंब्याची झाडे लावून समाधानाने राहणारी माणसेही आहेत. पण घेण्याआधी एकदा त्या गावात जाऊन यावे, एजंटाच्या गाडीतून नको, एसटीने. तलाठ्याच्या कार्यालयात बसावे. शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोलावे. ही जमीन स्वस्त का आहे, असे त्याला सरळ विचारावे. रस्ता यायचा आहे म्हणून, असे तो म्हणाला तर आपले नशीब. कागद नाही म्हणून, असे म्हणाला तर परत फिरावे. आणि विकणाऱ्याच्या घरी दुखणे आहे, कर्ज आहे, त्याला दुसरा मार्ग नाही, असे म्हणाला, तर भाव ठरवताना महापेच्या खाचरांना पूल नसतानाचा भाव मिळाला होता हे आठवावे, आणि पूल आल्यावरचा भाव द्यायची तयारी ठेवावी.